आधीचा फोटो, नंतरचा फोटो

नारायणगुडा, हैदराबाद
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
अश्विनीचा शिरसाष्टांग नमस्कार. (बघ, तू शिकवलेला मायना अजून पाठ आहे.)

तू फोन उचलत नाहीस. अण्णांना लावला की ते म्हणतात, "चतुरा रानात गेलीय." सकाळी आठलाही रानात आणि संध्याकाळी सातलाही रानात. देगलूरला एवढी शेती कधीपासून झाली आपली? म्हणून हे पत्र. अण्णांना वाचता येत नाही हे एका परीनं बरंच आहे. हे तुझं तूच वाच, सावकाश.

मी ठीक आहे. भाकरी मीच करते, म्हणजे तशी खटपट करते. परातीतून तव्यावर जाईपर्यंत एकीचे तीन तुकडे होतात. अर्धं नारायणगुडा जिला रोट्टे अम्मा म्हणतं तिच्या हाताखाली वाढले आणि मला ज्वारीची साधी जोन्न रोट्टे जमत नाही, हे कुणाला सांगायची सोय नाही.

त्या शुक्रवारचं मात्र फार वाईट झालं. एकोणीस वर्षं तू शाळेच्या त्या भिंतीला टेकून भाकऱ्या थापतेस. कुणाचं काही अडलं नाही, आणि आत्ताच पालिकेची गाडी यावी? कुणीतरी तक्रार केली म्हणतात. असेल कुणाच्या पोटात दुखलं. मी तेव्हा कॉलेजात होते, नाहीतर आलेच असते. तुझा तवा, काठवट, शेगडी, सगळं मी सोडवून आणते. या आठवड्यात जातेच.

तू भोगी गावाकडे करते म्हणालीस आणि रविवारी पहाटे इमलीबन स्टँडवरून बस धरलीस. भोगी झाली, संक्रांतही झाली. आता ये.

एक चांगली बातमी आहे. आमच्या कॉलेजात पुण्याच्या कॉलेजच्या बारा मुली आल्या होत्या ना, दहा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर? 'स्त्री नेतृत्व आणि नागरी सहभाग' असं लांबलचक नाव होतं बघ, आणि आम्हा सहाजणींना त्यांच्याबरोबर घेतलं होतं. त्यातून पुढच्या दौऱ्यासाठी मला निवडलंय. मार्चमध्ये केरळ! तिथल्या पंचायतीतल्या बाया बघायच्या, महिला दिन तिथेच. आमच्या गटाचं काम सगळ्यात चांगलं ठरलं. काम कसलं ते आलीस की सांगेन. पत्रात लिहिण्यासारखं नाही ते.

अण्णांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावतेस का?

तुझी,
अश्विनी

&nbsp;

नारायणगुडा
रविवार, २५ जानेवारी

आत्या,

पत्र पोचलं असणार. पोस्टमन अण्णांना ओळखतो. तुझं उत्तर नाही.

पालिकेच्या आवारात जाऊन आले. एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांच्या गाड्या, छत्र्या, टोपल्या एकावर एक टाकल्यात. तिथला माणूस म्हणाला, "पहचान के ले लो अम्मा, हमकु क्या मालूम कौन किसका." तवा ओळखला, मधे खोलगट झालेला आहे ना, त्यावरून. कान वाकलाय. शेगडी मिळाली. काठवट नाही मिळाली. अख्खी शेड दोनदा पालथी घातली. लाकूड बघून कुणीतरी जाळायला नेली असेल असं तो म्हणाला. ती तुझ्या सासूची होती हे मला माहीत आहे. सॉरी.

परत येताना तुझ्या शेजारी बसणारी तारामती भेटली. तिच्या बांगड्यांची टोपली पण गेली, पण ती आता दोन गल्ल्या सोडून बसते. तिनं त्या दिवसाचं सांगितलं. म्हणाली, "चतुराक्का एक लफ्ज नै बोली गे. खुद उठा उठा के दे दी सामान. मैं बोली, अगे लड ना! पुलिस के सामने उलथना ले के खडी रहनेवाली औरत, आज तेरेकु क्या हुआ? तो मुंडी नीचे कर ली."

आत्या, तू का भांडली नाहीस? दहा वर्षांपूर्वी त्या हवालदाराला तू भर रस्त्यात असं झापलं होतंस की तो पुढे आठवडाभर गल्ली बदलून जात होता. मला ते सारखं डोक्यात येतंय.

आता एक सांगायचं आहे. मागच्या पत्रात कुणी तक्रार केली माहीत नाही असं लिहिलं, ते तितकं खरं नाही. ती तक्रार आमच्या दौऱ्यातून गेली. प्रत्येक गटानं दहा दिवसांत एक 'नागरी कृती' करायची असते. शहरातली एक अडचण शोधायची, अ‍ॅपवर तक्रार करायची, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो जोडायचा. आमच्या गटाचं असं ठरलं की शाळेसमोरचा फुटपाथ मोकळा नाही, मुलं रस्त्यातून चालतात. गौरी नावाची पुण्याची मुलगी आमची गटप्रमुख होती. सगळं पुढे होऊन करते, इंग्रजी फाडफाड. दौरा चालवणाऱ्या आमच्या रश्मी मॅडमना पण कल्पना फार आवडली. त्या आपल्या मराठीच, तीन पिढ्या इथे, त्यांना कळायला हवं होतं. पुण्याच्या मुलींना काय, आज इथे, उद्या तिकडे. त्यांना कुठे माहीत त्या भिंतीपाशी कोण बसतं.

मी त्या गटात होते. पण गटातल्या सहाजणींत मी एकटी काय करणार होते, सांग.

उद्या कॉलेजात झेंडावंदन आहे. मला भाषण करायला सांगितलंय. केरळची निवड झाली म्हणून.

अश्विनी

ता. क. भाकरी आज अख्खी उतरली. एकच.

&nbsp;

नारायणगुडा
रविवार, १ फेब्रुवारी

आत्या,

भाषण मी केलं नाही. पोटात दुखतंय म्हणाले. दुखतच होतं.

तू म्हणतेस ना, खाई त्याला खवखवे. मागची दोन्ही पत्रं मी टाकली आणि प्रत्येक वेळी पोस्टाच्या पेटीपासून घरापर्यंत घसा खवखवत आले. आता सरळ लिहिते. मधे थांबले तर परत खोटं लिहीन, म्हणून एका दमात लिहिते.

गौरीनं काही केलं नाही. ते सगळं माझं होतं.

दौऱ्याच्या अर्जाबरोबर निबंध मागितला होता, 'माझ्या घरातली नेतृत्व करणारी स्त्री'. मी तुझ्यावर लिहिला. आई गेल्यावर दीड वर्षाच्या मला कडेवर घेऊन तू हैदराबादला आलीस, अण्णांना म्हणालीस, "तुझ्या पोरीला मी शिकवते, तू शेत सांभाळ," ते सगळं लिहिलं. लिहिताना रडले मी, खरंच. फक्त फुटपाथ लिहिला नाही. त्या जागी लिहिलं की आत्याचं कुकटपल्लीला ज्वारीच्या पदार्थांचं युनिट आहे आणि हाताखाली सहा बायका आहेत. रश्मी मॅडमनी तो निबंध सगळ्यांसमोर वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्या मला आवडल्या.

मग पुण्याच्या मुलींनी ठेका धरला, "अश्विनी, तुझ्या आत्याचं युनिट बघायला ने ना." आज नेते, उद्या नेते करत मी सहा दिवस काढले. बुधवारी अफझलगंजला वाचनालय बघितलं आणि संध्याकाळी बसनं नारायणगुड्याला उतरलो. समोर तुमचा धूर. गौरी थांबली. म्हणाली, "अय्या, भाकऱ्या! या बायकांशी बोलू या. हेच खरं नेतृत्व आहे, नाही का?" आणि रस्ता ओलांडायला निघालीसुद्धा.

तिला बोलायचं होतं तुझ्याशी, आत्या. तिनं तुला नाव विचारलं असतं, गाव विचारलं असतं, आणि तू मला बघून म्हणाली असतीस, "आली का माय, जेवलीस का?"

मी तिचा हात धरून मागे ओढला. म्हणाले, "बोलायचं काय, आधी फुटपाथ बघ. शाळेची मुलं रस्त्यातून चालतायत. हीच आपली नागरी कृती." तोंडातून कसं निघालं माहीत नाही, पण निघालं ते अगदी मॅडमसारखं निघालं. सगळ्या "वा" म्हणाल्या. फोटो मीच काढला, रस्त्याच्या अलीकडून. तक्रार माझ्या फोनवरून, माझ्या नावावर गेली. मला वाटलं, सरकारी काम, सहा महिने थांब. तू तीन वर्षांपूर्वी गटाराची तक्रार केलीस, त्याचं अजून काही झालंय का? म्हटलं, कोण वाचतंय.

दुसऱ्या दिवशी दौऱ्यात पालिकेच्या बड्या साहेबांशी भेट होती. मॅडमनी आमची तक्रार पडद्यावर मोठी करून दाखवली. पाहुण्या मुली बसलेल्या, साहेबांना चेव चढला. तिथेच फोन लावला, "लेडीज लीडर्स का कंप्लेंट है. कल शाम तक साफ होना." आम्हाला म्हणाले, "बघा, तुमचा आवाज किती लांब पोचतो."

ही गुरुवार दुपारची गोष्ट. गाडी आली शुक्रवारी साडेचारला.

आत्या, मला खरं सांगायचं होतं ते हे. तक्रार मी घाबरून केली, एका क्षणात. पण नंतर माझ्याजवळ एक अख्खा दिवस होता. गुरुवारी घरी आले तर तू वांग्याची भाजी केली होतीस. मला वाढलंस, तेल लावायला गुडघा पुढे केलास, मी तेल लावलं. "आत्या, उद्या बसू नकोस." चार शब्द होते. तू विचारलं असतंस, "तुला कसं कळलं?" त्या प्रश्नाला भिऊन मी तेल लावत राहिले. सकाळी तू पीठ दळून आणायला निघालीस तेव्हा डबा मीच तुझ्या हातात दिला.

दौऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्हाला फेरीवाल्यांचा कायदा शिकवला होता. नोटीस दिल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही, हे माझ्या वहीत लाल शाईनं अधोरेखित आहे. तेही मी कुणाला बोलले नाही.

आणि शुक्रवारी मी कॉलेजात नव्हते. आम्हाला 'नंतरचा फोटो' हवा होता. आम्ही सगळ्या जांभळे टी-शर्ट घालून समोरच्या बसस्टॉपवर उभ्या होतो. तुझा तवा उचलून गाडीत टाकला त्याचा आवाज मी ऐकला. गौरीनं विचारलं, "त्यांना दुसरी जागा देतात ना?" मी म्हणाले, "हो, देतात."

मी बसस्टॉपच्या खांबाआड सरकले होते. तुला दिसले का मी? तू एकदा मान वर केली होतीस. बाकी काही नको सांगू. शिव्या नको देऊ, माफही नको करू. मी तुला दिसले की नाही, तेवढं एक कळव. मला झोप लागत नाही.

अश्विनी

&nbsp;

नारायणगुडा
गुरुवार, १२ फेब्रुवारी

आत्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी जेमतेम 'कधी येतेस' एवढंच विचारलं. तू ठेवलास आणि मग बाकीचं सगळं तोंडातून बाहेर पडलं, पण ऐकायला तू नव्हतीस. म्हणून पुन्हा लिहिते. तू जे बोललीस तेही लिहून ठेवते, पुढे मला ते सोयीनं विसरता येऊ नये म्हणून.

तू म्हणालीस, "तिन्ही पत्रं वाचले मी. तिसरं दोनदा वाचले. तू विचारलीस ना, दिसले का म्हणून? दिसलीस. खांब केवढा, तू केवढी. लपायला तरी नीट शिकायचं होतंस."

तू हसलीस तेव्हा मला वाटलं, संपलं, माफ केलं. मग तू म्हणालीस, "तारामती विचारायली, भांडली का नाहीस. त्या माणसांना मी पुरून उरले असते गं. पण मी आवाज काढले असते तर त्या पोरी रस्ता ओलांडून आल्या असत्या. त्यांच्याबरोबर तूबी आली असतीस. मग तू मला ओळख दाखवलीस का नाही, ते सगळ्यांसमोर झालं असतं. ते मला बघायचं नव्हतं, माय. त्यापरीस तवा गेलेला बरा."

मी "दाखवली असती" असं म्हणू शकले नाही. मला खरंच माहीत नाही, आत्या. मी खूप विचार केला. बऱ्याचदा उत्तर 'नाही' असंच येतं.

मी विचारलं कधी येतेस, तर म्हणालीस, "बघू. इथं ज्वारी काढणीला आलीय." आणि ठेवलास.

रश्मी मॅडमना मी सगळं सांगितलं. निबंधातलं कुकटपल्लीचं युनिट पण सांगितलं. वाटलं होतं, नाव काढून टाकतील, ओरडतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "अश्विनी, किती जबरदस्त गोष्ट आहे ही! केरळमध्ये महिला दिनाला तूच बोल. हीच तुझी नेतृत्वाची वाटचाल." आत्या, एक क्षण मला ते बरं वाटलं. स्टेजवर मी, खाली बसून रडणाऱ्या बायका, आणि शेवटी टाळ्या. तुझ्या काठवटीवरसुद्धा टाळ्या घ्यायची माझी तयारी होती, एक क्षणभर. मग मला माझीच किळस आली. मी नाव मागे घेतलं. तू म्हणशील, न जाऊन कुणाचं पोट भरलं? बरोबर आहे. कुणाचंच नाही.

गौरीला पण फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी बोलायलाच निघाले होते गं त्यांच्याशी." एवढंच. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

पालिकेत फेरीवाल्यांच्या समितीचा अर्ज मिळतो, जागा परत मागायचा. तो मी भरलाय आणि या पत्राबरोबर पाठवलाय. नोटीस दिली नव्हती, एकोणीस वर्षं तिथेच धंदा आहे, हे सगळं लिहिलंय. तारामती आणि आणखी दोघींचा अंगठा साक्षीला घेतला. तक्रार कुणी केली होती या रकान्यात माझं नाव घातलंय. तिथला बाबू दोनदा म्हणाला, "ये कॉलम खाली छोड दो," मी नाही सोडला. खाली तुझी सही लागते. करायची तर कर. नाही केलीस तरी मी दर सोमवारी तिथे जाऊन बसणार आहे, ते मला ओळखायला लागलेत आता.

रोज संध्याकाळी पाच वाजता मी भिंतीपाशी जाऊन उभी राहते. काही विकायला नाही, आणि माझ्या भाकऱ्या कुणी विकत घेईल अशा नाहीतच. तुझी गिऱ्हाइकं येतात, रिकामी जागा बघतात, इकडे तिकडे बघून जातात. त्यांना कुणी सांगायला नको का, म्हणून उभी राहते. तो शुगरवाला बँकेचा म्हातारा येतो ना, स्टीलचा डबा घेऊन, दोन पातळ आणि एक जाड? तो काल आला. म्हणाला, "रोट्टे अम्मा किधर गए? महिना हो गया."

मी म्हणाले, "गाव गए. वो मेरी आत्या है. मेरेकु उन्होंने पाला."

त्यानं चष्मा वर करून मला नीट बघितलं. म्हणाला, "छे साल से हर शाम यहाँ आ रा हूँ मैं बेटा. तुमकु तो एक दिन नै देखा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला नुसतं नवल वाटलं होतं.

तुझी,
अश्विनी